सीरियाचा खेळ: दोन महासत्ता, एक नदी आणि एकच फोन

नववी ते बारावीतली दहा-बारा मुलं, एक हॉल, दार लावता येईल अशी शेजारची खोली आणि तीन तास, एवढं असलं की हा खेळ मांडता येतो. विषय सीरियाच्या यादवीचा. परक्या देशातल्या युद्धात अमेरिका आणि रशिया दोघंही विमानं घेऊन उतरतात, एकमेकांना दम देतात आणि तरी एकमेकांशी लढत नाहीत, हे कसं जमतं ते मुलांना करून बघायला लावायचं. मी ग्वाल्हेरला बरीच वर्षं अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे. लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात मे महिन्यात भाचरं आलेली असतात, दुपारी बाहेर पडायची सोय नसते, आणि कूलरसमोर त्यांना बसवून ठेवायला काहीतरी लागतंच.

पुस्तकातलं शीतयुद्ध मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. क्युबा, १९६२, तेरा दिवस. पण टीव्हीवर 'तिसऱ्या महायुद्धाची चाहूल' असा पट्टा फिरला की तीच मुलं एक तर घाबरतात नाहीतर खूश होतात. इथल्या मुलांना विमानांचं वेड तर जन्मजात. महाराजपुऱ्याचा हवाई तळ आमचाच, मिराज रोज डोक्यावरून जातात, फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर गेलेली मिराजसुद्धा इथूनच उडाली होती. कोणतं विमान किती वेगानं जातं हे विचारायला त्यांना मावशी लागत नाही. कोण कोणाला फोन करतं, तो कोण उचलतं आणि उचलणारा जागेवर नसला तर काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

काय काय लागेल

दोन चार्टपेपर लांबीला चिकटवून घ्या आणि त्यावर सीरियाचा नकाशा हातानं काढा. छापील आणू नका. छापील नकाशात इतकी गावं असतात की मुलं त्यातच हरवतात. डावीकडे समुद्र, त्यावर लाताकिया आणि तार्तूस. लाताकियाजवळ हमीमीम, हा रशियाचा हवाई तळ. खाली दमास्कस, मधे होम्स, वर अलेप्पो, उत्तरेला सगळी तुर्कस्तानची सरहद्द. मग निळ्या जाड स्केचपेननं युफ्रेटिस नदी: तुर्कस्तानातून उतरते, रक्क्यावरून, देर एझ-झोरवरून जाते आणि इराकमध्ये शिरते. नदी नीट काढा, बाकी वाकडंतिकडं चालेल. २०१७ पर्यंत गोष्ट अशी येऊन ठेपली की नदीच्या पश्चिमेला रशिया आणि दमास्कसचं सरकार, पूर्वेला अमेरिका आणि कुर्द या तिथल्या अल्पसंख्य समाजाच्या नेतृत्वाखालची एसडीएफ ही फौज. ज्या ठिकाणी ही माणसं नदी ओलांडून पलीकडे गेली, त्याच ठिकाणी खेळातल्या मोठ्या भानगडी आहेत.

विमानांना कॅरमच्या सोंगट्या. काळ्या रशियाच्या, पांढऱ्या अमेरिकेच्या, राणी तुर्कस्तानला. एक फासा. चिठ्ठ्या, स्टॉपवॉच, आणि शेजारच्या खोलीत एक जुना मोबाइल. फोन एकच ठेवा. दुसरा ठेवला की मुलं आपापसांत तह करून मोकळी होतात आणि आपली दुपार वाया जाते.

मुलांचे स्वतःचे मोबाइल सुरुवातीलाच परातीत जमा करून घ्या. खेळ संपल्यावर काय शोधायचं ते शोधा म्हणावं. आणि यूट्यूबवरचे युद्धाचे व्हिडिओ कोणी दाखवायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा. त्यात मेलेली माणसं खरी असतात.

टीम पाडताना

सहा टीम: अमेरिका, रशिया, तुर्कस्तान, दमास्कस (म्हणजे सीरियाचं सरकार), कुर्द, आणि सहावी देर एझ-झोरमधलं एक कुटुंब. प्रत्येक टीमला एक गुपचूप चिठ्ठी द्यायची. तिच्यात दोनच वाक्यं: काय हवंय, आणि काय कोणत्याही परिस्थितीत नकोय.

अमेरिका: आयसिस संपवायचीय, आपल्या सैनिकांच्या शवपेट्या घरी जायला नकोत. रशिया: सीरियाचे अध्यक्ष असद यांची सत्ता आणि समुद्रकाठचे आपले तळ राखायचेत, अमेरिकेशी थेट युद्ध नको. तुर्कस्तान: सरहद्दीला लागून कुर्दांचं राज्य उभं राहू द्यायचं नाही, रशियासमोर एकटं पडायचं नाही. दमास्कस: टिकून राहायचंय, रशियानं मधेच अंग काढून घ्यायला नको. कुर्द: हातातली जमीन सोडायची नाही, अमेरिका निघून जायला नको.

चिठ्ठ्या वाटून झाल्या की सगळ्यांना गप्प बसवून एवढंच विचारा, की मोठ्या दोघांनी एकमेकांवर हात टाकावा असं या खोलीत कोणाला वाटतंय? मोठ्या दोघांचे हात खालीच राहतात. दमास्कस किंवा कुर्दांच्या टीममधलं एखादं चलाख पोर हसतं. त्याला बरोबर कळलेलं असतं: आपला मोठा भाऊ भांडणात जितका अडकेल तितकं आपलं बस्तान पक्कं. ज्यांची ताकद कमी, त्यांनाच आग भडकवण्यात फायदा दिसतो. यावर तिथे भाषण देऊ नका, चौथ्या फेरीत ते आपोआप वर येतं.

सहाव्या टीममध्ये मी नेहमी सगळ्यांत जास्त बोलणारं मूल टाकते. या टीमला फोन नाही, निवेदन नाही, सोंगटी नाही. दर फेरीअखेर त्यांनी एकच ठरवायचं: घरात राहायचं की निघायचं, आणि निघायचं तर कुठल्या दिशेनं. ते नकाशावर बोटानं दाखवायचं आणि का ते एका वाक्यात सांगायचं. पोर चिडतं. 'मावशी, ये तो चीटिंग है, हमें तो कुछ करने ही नहीं मिल रहा।' चिडू दे. युद्धाआधीच्या सीरियाच्या निम्म्याहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं, आणि मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत ३,०६,८८७ सामान्य नागरिक मारले गेले असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा आणि पुसू नका.

एक सूचना आमच्यासारख्या सर्वधर्मी मोहल्ल्यात राहणाऱ्यांसाठी. चिठ्ठ्यांवर शिया-सुन्नी वगैरे काही लिहू नका. ते त्या युद्धात होतं, महत्त्वाचंही होतं, पण चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात दिलं की पाच मिनिटांत त्याची शिवी होते. ते नंतर, शांतपणे, मोठ्या मुलांशी बोला.

नियम

प्रत्येक फेरीत टीमला पाच मिनिटं. तेवढ्यात दोन कागद लिहायचे. पहिला कागद जगासाठी: उभं राहून, मोठ्यानं, टेचात वाचायचा. दुसरा फक्त माझ्यासाठी: प्रत्यक्षात काय करायचं. दोन्ही कागद जुळलेच पाहिजेत असं नाही. मुलांना हे आधी लबाडी वाटतं, म्हणून उदाहरण सांगा. एप्रिल २०१८ मध्ये दमास्कसजवळच्या दूमा गावातल्या रासायनिक हल्ल्यानंतर ट्रम्प यांनी ट्विट केलं की रशिया, तयार राहा, आमची नवी, चकचकीत, हुशार क्षेपणास्त्रं येतायत. हा पहिला कागद. तीन दिवसांनी १४ एप्रिलला अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून १०५ क्षेपणास्त्रं सोडली, ती रासायनिक शस्त्रांशी संबंधित तीन ठिकाणांवर, आणि रशियन माणसं जिथे होती ती ठिकाणं सांभाळून टाळली. हा दुसरा कागद.

दुसऱ्या कागदावर फासा टाकायचा. एक पडला तर हुकूम चुकीच्या जागी जातो. दोन ते सहा, ठरल्याप्रमाणे.

अणुबॉम्बची चिठ्ठी येतेच. ती न वाचता परत द्यायची, टीमची पाळी गेली. यावर वाद घालायचा नाही.

गुण दोनच गोष्टींना. धमकी दिलीत आणि समोरच्याला मागे फिरायला एक तरी वाट ठेवलीत: दोन गुण. अशी धमकी दिलीत जी वेळ आल्यावर तुम्ही पाळणार नाही: उणे तीन. या दुसऱ्या नियमावर मुलं हमखास भांडतात, आणि भांडायला चांगला मुद्दा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ओबामांनी रासायनिक शस्त्रांची लाल रेषा आखली. २१ ऑगस्ट २०१३ ला दमास्कसच्या घूता भागात सरीन हा विषारी वायू वापरला गेला. २९ तारखेला ब्रिटिश संसदेनं कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पाडला, ओबामा अमेरिकी काँग्रेसकडे गेले, आणि मग अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी जिनिव्हात १४ सप्टेंबरला समझोता केला की सीरियानं रासायनिक साठा सोडून द्यायचा. मग ओबामांना उणे तीन द्यायचे की अधिक दोन? साठा खरोखर बाहेर गेला. सगळा गेला नाही, कारण एप्रिल २०१७ मध्ये खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन आला. मी स्वतः उणे एक देते आणि मुलांना सांगते की मावशीचे गुण अंतिम नाहीत.

पहिली फेरी: कागद लिहून घ्या

मोठ्यानं वाचा: ३० सप्टेंबर २०१५. बगदादमधल्या अमेरिकी वकिलातीत एक रशियन लष्करी अधिकारी येतो आणि सांगतो की तासाभरात आम्ही सीरियात हवाई हल्ले सुरू करतोय, तुमची विमानं आकाशातून बाजूला ठेवा. अमेरिका वर्षभर तिथे उडतच होती. ती बाजूला होत नाही.

आता एकाच देशाच्या आकाशात एकमेकांवर भरवसा नसलेली दोन हवाई दलं. अमेरिका आणि रशिया या टीमना शेजारच्या खोलीत पाठवा, पंधरा मिनिटं द्या, करार लिहून आणायला सांगा. बाकीच्यांनी तोवर पन्हं प्यावं.

पहिला मसुदा दरवेळी सारखाच येतो: 'आम्ही दोघं मिळून सीरियात शांतता आणू.' छान आहे म्हणून परत पाठवा. आमच्या शेजारचे काका हवाई दलातून रिटायर झालेत, आयुष्य रडारपुढे काढलंय. या फेरीपुरतं मी त्यांना बोलावते. ते खुर्चीत बसून एकेक प्रश्न टाकतात. दोन विमानं समोरासमोर आली तर कोण कोणाशी बोलणार? कोणत्या फ्रीक्वेन्सीवर? कोणत्या भाषेत? एकमेकांपासून किती लांब राहणार? रात्री तीन वाजता फोन वाजला तर कोण उचलणार, आणि त्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे का? मुलं खोलीत परत जातात आणि यावेळी तोंडं गंभीर असतात.

खरा करार २० ऑक्टोबर २०१५ ला झाला, म्हणजे बॉम्ब पडायला लागल्यावर तीन आठवड्यांनी. रशियाच्या विनंतीवरून त्याचा मजकूर जाहीर झाला नाही, पण त्यात काय नाही ते पेंटागॉननं स्पष्ट सांगितलं: सहकार्य नाही, गुप्त माहितीची देवाणघेवाण नाही, लक्ष्यं कळवणं नाही. वैमानिकांनी सुरक्षित कसं उडायचं, आकाशात कसं बोलायचं, आणि जमिनीवर दोघांमध्ये एक टेलिफोन लाइन. ती लाइन कतारमधल्या अल उदैद तळावरून हमीमीमशी जोडलेली होती. तुझं युद्ध तू कर, माझं मी करतो, फक्त टक्कर नको, एवढाच त्याचा अर्थ.

काका इथे दोन मिनिटं भारत-पाकिस्तानवर येतात, आणि यावं त्यांनी. आपल्याकडेही असे कागद आहेत. १९९१ च्या करारानुसार लढाऊ विमानांनी सरहद्दीच्या दहा किलोमीटरच्या आत उडायचं नाही. १९८८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना अणुप्रकल्पांच्या याद्या देतात. संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी जाते. दोन्हीकडच्या डीजीएमओंची, म्हणजे लष्करी मोहिमांच्या प्रमुखांची, हॉटलाइन आहेच. टीव्हीवर हे सांगत नाहीत, कारण यात ओरडण्यासारखं काही नाही.

दुसरी फेरी: सतरा सेकंद

२४ नोव्हेंबर २०१५. ही फेरी पटकन उरका. तुर्कस्तानच्या टीमला उभं करा, एक काळी सोंगटी सरहद्दीच्या टोकावरून सरकवायला लागा आणि स्टॉपवॉच सुरू करा. सतरा सेकंदांत त्यांनी 'पाडा' किंवा 'जाऊ दे' म्हणायचं. तुर्कस्तानचं म्हणणं होतं की रशियाचं सुखोई-२४ त्यांच्या हद्दीत सतरा सेकंद होतं आणि त्याआधी पाच मिनिटांत दहा इशारे दिले होते. रशियानं हद्द ओलांडल्याचंच नाकारलं, आणि वाचलेल्या नेव्हिगेटरनं इशारा ऐकू आलाच नाही असं सांगितलं. वैमानिक पॅराशूटनं उतरताना जमिनीवरून झालेल्या गोळीबारात मारला गेला.

आता रशियाची पाळी. मुलांना तुर्कस्तानचं विमान पाडायचं असतं, शंभरातली नव्वद. त्यांना फक्त आठवण करून द्या की तुर्कस्तान १९५२ पासून नेटोत आहे, आणि पुन्हा पाच मिनिटं द्या. पुतिन यांनी 'पाठीत खंजीर' म्हटलं, हमीमीमला एस-४०० ही विमानं पाडणारी क्षेपणास्त्र यंत्रणा आणून ठेवली, आणि मग बंद काय केलं? तुर्की फळं-भाज्या आणि पर्यटकांची चार्टर विमानं. टोमॅटो ऐकून मुलं हसतात. हसून झालं की विचारा, टोमॅटो परत सुरू करता येतात का? विमान पाडलेलं परत सुरू करता येतं का? जून २०१६ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी पुतिन यांना पत्र पाठवलं, ऑगस्टमध्ये दोघं सेंट पीटर्सबर्गला भेटले. वाट उघडी ठेवली होती, म्हणून त्या वाटेनं येता आलं.

तिसरी फेरी: सत्तावीस मिनिटं

या फेरीची तयारी गुपचूप करावी लागते. अमेरिकेच्या टीममधल्या फोनवाल्या मुलाला आधीच कानात सांगा की खूण केली की स्वयंपाकघरात जा, बेडई (डाळ भरलेली पुरी) ठेवलीय, खात बस, मी बोलवेपर्यंत येऊ नको. रशियाच्या फोनवाल्या मुलीच्या चिठ्ठीत लिहा: 'नेहमीच्या माणसाशीच बोल. दुसऱ्या कोणाला काही सांगू नको.'

१७ सप्टेंबर २०१६. केरी-लावरोव्ह यांचा युद्धविराम सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झालेत. अमेरिकेच्या आघाडीची विमानं देर एझ-झोरच्या विमानतळाजवळ आयसिसवर बॉम्ब टाकतायत असं त्यांना वाटतंय. हल्ल्याआधी त्यांनी रशियाला फोनवर जागा कळवली होती, पण ती चुकीची: विमानतळाच्या दक्षिणेला नऊ किलोमीटर. प्रत्यक्षात हल्ला शहराच्या दक्षिणेला नऊ किलोमीटरवर होता, म्हणजे विमानतळापासून तीन ते सहा. खाली सीरियाचं सरकारी सैन्य होतं.

नकाशावर रुपयाची नाणी एकेक करून ठेवायला लागा, प्रत्येक नाणं एक हल्ला. बावीस नाणी झाली की रशियाच्या मुलीला फोनकडे जायची खूण करा. ती शेजारच्या खोलीत जाते, फोन उचलते, पलीकडून वेगळाच कोणीतरी बोलतो. ती म्हणते, 'त्याला बोलवा.' तो बेडई खातोय. तुम्ही नाणी ठेवत राहा. बोलू नका, घाई करू नका, नाणं ठेवल्याचा आवाज येऊ द्या. ती दोनदा दारातून डोकावते, चिठ्ठी बघते, परत जाते. तिच्याच मनात कालवाकालव चाललेली असते: सांगून टाकू का या दुसऱ्याला? दमास्कसची टीम उठून उभी राहते. नाणी सदतीस झाली की थांबा आणि मुलाला हाक मारा.

अमेरिकी हवाई दलाच्या चौकशीत हेच आलं. रशियन अधिकाऱ्यानं फोन केला, त्याचा नेहमीचा माणूस जागेवर नव्हता, आणि त्यानं निरोप दुसऱ्याला देण्याऐवजी थांबणं पसंत केलं. सत्तावीस मिनिटं गेली. एकूण सदतीस हल्ल्यांपैकी पंधरा या सत्तावीस मिनिटांत झाले. निरोप पोहोचल्यावर हल्ले थांबले. रशियानं ६२ सैनिक मेल्याचं सांगितलं. दोन दिवसांनी अलेप्पोजवळ मदत घेऊन निघालेल्या ट्रकच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि युद्धविराम संपला.

इथे मुलं 'मुद्दाम केलं' आणि 'चुकून झालं' अशा दोन गटांत वाटली जातात. दोन्ही गटांना बोलू द्या, मग रशियाच्या मुलीला विचारा की तू का नाही सांगितलंस. तिचं उत्तर ठरलेलं असतं: 'चिठ्ठीत तसं लिहिलं होतं.' फोन असणं आणि फोन कसा वापरायचा याची दोघांची समजूत एक असणं, यात सत्तावीस मिनिटांचं अंतर असू शकतं.

सहाव्या टीमला विसरू नका. त्यांचं गाव हेच. त्यांना विचारा, राहणार की निघणार.

चौथी फेरी: तुमची माणसं आहेत का?

या फेरीला वेळ ठेवा, आधीच्या फेऱ्या कापाव्या लागल्या तरी चालेल.

७ फेब्रुवारी २०१८ ची रात्र, खशाम, देर एझ-झोरच्या बाजूला, नदीच्या पूर्वेला. कोनोको नावाचा वायुप्रकल्प आहे. जवळच एसडीएफच्या ठाण्यात चाळीसेक अमेरिकी सैनिक आहेत. समोरून पाचशेच्या आसपास माणसं, रणगाडे आणि तोफा घेऊन येतायत. सरकारच्या बाजूचे लढवय्ये, आणि त्यांच्यात रशियाच्या वाग्नर कंपनीची भाडोत्री माणसं. फोन यावेळी चोख चालतोय. अमेरिकेच्या टीमनं खोलीत जाऊन विचारायचं: 'ही तुमची माणसं आहेत का?'

रशियाच्या टीमला दहा मिनिटं द्या आणि प्रत्येक उत्तराची किंमत कागदावर लिहायला लावा. हो म्हटलं तर त्यांना मागे बोलवावं लागेल, नाहीतर रशियानं अमेरिकी सैनिकांवर हल्ला केला असं होईल. विचारून सांगतो म्हटलं तर तोवर गोळीबार सुरू होईल. नाही म्हटलं तर?

एकदा अकरावीतल्या एका मुलीनं बराच वेळ पेन चावून लिहिलं, 'नाही म्हटलं तर ते मरतील आणि आपल्याला काही करावं लागणार नाही.' मी तो कागद ठेवून दिलाय.

रशियानं नाही म्हटलं. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅटिस यांनी नंतर सिनेटसमोर सांगितलं की रशियन वरिष्ठांनी ही आमची माणसं नव्हेत असं कळवलं, तेव्हा ते दल नेस्तनाबूत करा असा आदेश त्यांनी दिला. ड्रोन, एफ-१५, बी-५२, तोफखाना असलेली एसी-१३० विमानं, अपाची हेलिकॉप्टरं तीन-चार तास बरसत राहिली. अमेरिकेच्या अंदाजानं शंभराहून जास्त माणसं मेली. अमेरिकेचा एकही सैनिक मेला नाही. मॉस्कोनं आधी पाचेक रशियन नागरिक मेले असतील म्हटलं, नंतर काही डझन मेले किंवा जखमी झाले असं मान्य केलं. सूड घेतला नाही. घ्यायचं कारणच नव्हतं, ती त्यांची माणसं नव्हती ना.

आता दमास्कस आणि कुर्दांच्या टीमना पहिली चिठ्ठी पुन्हा वाचायला सांगा. मोठ्या भावाला ओढायचं होतं ना भांडणात? मोठे भाऊ फोनवर बोलले आणि आपापल्या वाटेनं गेले. माझ्या मते सीरियातल्या सगळ्या प्रसंगांत अभ्यासाला हाच सगळ्यांत मोलाचा आहे, आणि बातम्यांत त्याला फारशी जागा मिळाली नाही, कारण महायुद्ध झालं नाही.

पालक विचारतील

'मुलांना युद्ध शिकवता?' असं एखादी आई विचारतेच. तिला तिसऱ्या फेरीला हॉलमध्ये बसवा. मला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

'आपण कोणाच्या बाजूनं?' असं एखादे आजोबा विचारतात, आणि बहुतेक रशियाच्या, जुन्या दोस्तीखातर. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना अमेरिकेच्या टीममध्ये टाका. खेळ रंगतो.

आणि मुलं विचारतील, पुढे काय झालं? ८ डिसेंबर २०२४ ला बंडखोर दमास्कसमध्ये शिरले आणि असद मॉस्कोला पळाले. दमास्कसच्या टीमची इतक्या फेऱ्यांची मेहनत पाण्यात. ही बातमी शेवटीच सांगा, आधी कळली तर ती टीम खेळत नाही.

वेळ उरला तर

मोठ्या मुलांसाठी जास्तीची एक चिठ्ठी तयार ठेवा. १७ सप्टेंबर २०१८, लाताकियाचा किनारा. इस्रायलची एफ-१६ विमानं हल्ला करून जातायत, सीरियाची एस-२०० क्षेपणास्त्रं त्यांच्यावर सुटतात आणि लागतात रशियाच्याच इल-२० विमानाला. आतली पंधराही माणसं मरतात. रशिया म्हणतो, इस्रायलनं एका मिनिटापेक्षाही कमी वेळ आधी कळवलं. इस्रायल म्हणतो, दोष सीरियाचा. पाडणारा मित्र, हल्ला करणारा तिसराच, आणि त्या तिसऱ्याशीही रशियाची वेगळी फोन लाइन. सहाव्या टीमला यावेळी इस्रायल करा, एव्हाना त्यांना बोलायला मिळालंच पाहिजे. तिघांकडूनही पहिला आणि दुसरा, दोन्ही कागद लिहून घ्या, आणि त्यानंतरच सांगा की पुतिन यांनी एकाच वेळी दोन गोष्टी केल्या: हा दुर्दैवी योगायोगांच्या साखळीचा परिणाम आहे असं म्हटलं, आणि महिन्याच्या आत सीरियाला एस-३०० देऊन टाकली.